डाव्या अंगाचं इंजिन

मी एक जुनं इंजिन आहे, मित्रांनो, आणि तेही अर्धं. म्हणजे माझा तुकडा पडलेला नाही, अंगाने मी पुरता आहे. पण दोन इंजिनांच्या विमानातलं एक उचलून भलतीकडे नेऊन ठेवलं, तर त्याला पुरतं म्हणायचं की अर्धं, हे तुम्ही तुमच्या गणिताच्या बाईंना विचारा. मी विमानाच्या डाव्या अंगाला होतो. उजव्या अंगाला माझा भाऊ होता. सध्या माझ्या उजव्या अंगाला मोटारसायकली उभ्या असतात.

बुलढाणा जिल्ह्यात, चिखलीकडून अमडापूरला येताना रस्त्याला लागूनच भाऊरावांचं तंत्रनिकेतन आहे. फाटकातून आत आलात की सिमेंटच्या ओट्यावर मी दिसेन. आभाळातून पडलेली वस्तू म्हणून आमच्या जिल्ह्यात लोणारचं मोठं नाव आहे. तिथे जे पडलं त्याने सरोवर झालं. मी पडलो नाही, मला ट्रेलरवर बांधून आणलं. त्यामुळे नुसता ओटा झाला.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं दुःख समजायला सोपं जाईल.

माझ्या तोंडाशी मोठा पंखा आहे. तो हवा आत ओढतो. आत आल्याबरोबर हवेच्या दोन वाटा होतात. पाच वाटे हवा माझ्या पोटाच्या बाहेरून, कवचाच्या आतून, सरळ मागे निघून जाते. एक वाटा हवा पोटात शिरते आणि तिचे हाल सुरू होतात. लहान लहान पात्यांच्या ओळी तिला दाबत नेतात, यात्रेच्या दिवशी एसटीत माणसं कोंबावीत तशी. मग तिच्यावर इंधनाचा फवारा उडतो आणि ती पेटते. तापलेला वायू मागे पळतो आणि पळता पळता मागची चाकं फिरवतो. त्या चाकांचे दांडे, एकाच्या पोटात दुसरा असे, पुढे आलेले असतात. एक दांडा हवा दाबणाऱ्या पात्यांना फिरवतो, दुसरा तोंडाशी असलेल्या पंख्याला. म्हणजे मागची आग पुढचा पंखा फिरवते, पंखा हवा ओढतो आणि हवा आगीला पोसते. कोणी कोणाला नोकरीवर ठेवलं आहे हे शेवटपर्यंत कळत नाही.

गंमत अशी की जळतो तो एक वाटा, पण विमान ढकलण्याचं बरंचसं काम ते बाहेरून थंडपणे निघून जाणारे पाच वाटे करतात. बाहेरच्या बाहेर निघून जाणाऱ्यांनी खरोखर काम केल्याचं दुसरं उदाहरण मला अजून आढळलेलं नाही.

आता माझ्या डोक्याविषयी. पंख्याच्या वेढ्यावर एक चपटा डबा बसवलेला होता. इंजिनिअर मंडळी त्याला फॅडेक म्हणत, मी मेंदू म्हणत असे आणि तो स्वतःला साहेब समजत असे. वैमानिक आपल्या पुढ्यातला जोर वाढवायचा दांडा ढकलतो तेव्हा तुम्हाला वाटतं, त्याने ढकललं आणि इंजिनाने जोर केला. तसं नसतं. दांडा म्हणजे नुसता अर्ज. तो डब्याकडे जातो. हवा किती पातळ आहे, बाहेर थंडी किती, माझे दांडे किती वेगात आहेत, पोटात किती ताप आहे, हे सगळं डबा डोळ्याचं पातं लवायच्या आत कितीदा तरी पाहतो आणि मग मोजून इंधन सोडतो. अर्ज इतका लवकर निकालात निघणारी जागा मी पुन्हा कुठे पाहिली नाही. डब्याचे आत दोन भाग असतात. एक हुकूम देतो, दुसरा जागा राहून पाहतो. पहिला अडला तर दुसरा तिथूनच पुढे काम उचलतो. आणि या साहेबाची वीज कुठून येते? माझ्याच फिरण्यातून. मी फिरेन तोवर तो जागा, आणि तो जागा तोवर मी शहाणा.

माझा डबा आणि भावाचा डबा आपसांत बोलत. दोन पंखे जरा मागेपुढे फिरले तर विमानात घूं घूं असा ओढाताणीचा आवाज येतो आणि माणसांची डोकी दुखतात. म्हणून डबे आमचा सूर जुळवून ठेवत. वर्षानुवर्षं आम्ही एका सुरात ओरडलो, मित्रांनो. एका सुरात गाणारे पुष्कळ असतात. एका सुरात ओरडणारे सख्खे भाऊच असतात.

एकदा उड्डाणाच्या ऐन वेळी भावाच्या तोंडात घार गेली. तो खोकला, थरथरला, त्याचा जोर गळाला. माझ्या डब्याने कोणाला विचारलं नाही. राखून ठेवलेला जोर त्याने काढला आणि दोघांचं ओझं माझ्या एकट्याच्या खांद्यावर आलं. विमान फेरी मारून सुखरूप उतरलं. प्रवाशांनी वैमानिकासाठी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी कोणी वाजवल्या नाहीत. पण ते ओझं मला जड वाटलं नव्हतं, कारण ते भावाचं होतं.

पुढे आमची कंपनीच बसली. विमान धावपट्टीच्या कडेला, गवतात उभं राहिलं. लोक आले आणि ज्याला जे कामाचं होतं ते काढून नेऊ लागले. घारीनंतर बसवलेल्या नव्या पात्यांनी भाऊ तरुण झाला होता, त्याला दुसऱ्या विमानाने मागून घेतलं. माझ्या आतल्या, पाती धरून ठेवणाऱ्या चकत्यांचं नेमून दिलेलं आयुष्य संपलं होतं, मला कोणी मागितलं नाही. माझा डबा मात्र मागितला. त्याच्या वायरी सुटल्या आणि साहेब खोक्यात बसून गेले.

त्यांनी एक वस्तू मागे ठेवली. इंजिनाची ओळख सांगणारा अंगठ्याएवढा प्लग असतो. डबे बदलले तरी ओळख इंजिनापाशीच राहावी म्हणून तो दोरीने इंजिनाच्या अंगाला बांधलेला असतो. तो अजून माझ्या कुशीला लोंबतो आहे. ओळख आहे, ओळखणारा नाही.

भाऊरावांनी विकत घेऊन मला अमडापुरात आणलं त्या दिवशी ट्रेलरभोवती गर्दी झाली. कोणी म्हणालं, बोअरची मशीन आहे. कोणी म्हणालं, जिनिंगचं काहीतरी असेल. एका म्हाताऱ्याने तोंडात डोकावून हँडल कुठे मारायचं ते विचारलं. भाऊरावांनी माझ्या नाकावर कुंकू लावून नारळ फोडला आणि भाषणात सांगितलं की आता अमडापूरची पोरं विमान शिकतील. 'हात लावू नये' अशी पाटीही त्याच दिवशी लागली. हात न लावता विमान कसं शिकायचं, हे भाषणात राहून गेलं.

ती पाटी न जुमानणारी एकच व्यक्ती होती. समतामॅडम. संग्रामपूरकडच्या, नव्याने नोकरीला लागलेल्या. त्या पोरांना माझ्या पोटात हात घालायला लावत, पाती मोजायला लावत. वारा सुटला की माझा पंखा आपोआप हळूहळू फिरे आणि पाती खोबणीत खळखळत. पोरं हसत. मला जिवंत असल्यासारखं वाटे. पण तेलावाचून फिरणं बेअरिंगला बरं नव्हे, म्हणून मॅडमनी पोरांकडून ताडपत्रीचं झाकण शिवून घेतलं आणि फक्त शिकवताना तोंड उघडायचं असं ठरवलं. शहाण्या माणसाने केलेली काळजी बरेचदा तोंड बंद करण्यातच असते.

पुढे विमानाच्या विषयाला पोरं येईनाशी झाली. मॅडमना चित्रकलेसारखं काहीतरी, यंत्रांची चित्रं काढायला शिकवण्याचं काम मिळालं. माझं झाकण भाऊरावांच्या जनरेटरवर गेलं. पोटात चिमण्यांनी घर केलं. कँटीनवाले माझ्या कवचावर फडकी वाळत घालू लागले. फाटकावरचे उत्तमराव तेवढे येता-जाता माझ्याकडे बघत.

उत्तमरावांचं शेत तंत्रनिकेतनाच्या कुंपणाला लागूनच. दिवसा फाटक सांभाळायचं, उरलेल्या वेळात शेत. त्यांच्याकडे एक बैल होता, बाशिंग्या. जोडीचा बैल आदल्या साली साप चावून गेला. दुसरा आणावा तर बाशिंग्याचंही वय झालेलं. तो कुंपणापलीकडे उभा असे, मी अलीकडे. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नसू. एकट्यांना ते बरोबर समजतं.

मागच्या श्रावणात भाऊरावांनी ठरवलं की ओट्यावर आता सेल्फी पॉइंट करायचा. 'आय लव्ह अमडापूर' अशी माणसाएवढी अक्षरं, मध्ये लाल बदाम, आत दिवे. चिखलीहून राजकुमार नावाचा भंगारवाला आला. त्याने मला चहूबाजूंनी ठोकून पाहिलं.

"अख्खं नाही जात सायेब गाडीत," तो म्हणाला. "कापा लागन. उद्या येतो गॅसकटर घेऊन."

भाऊराव हो म्हणाले. उद्या पोळा आहे हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. त्यांच्या गोठ्यात आता ट्रॅक्टर असतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू जिथे घासलं तिथे पळसाच्या पानाने तूप-हळद लावतात आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. कुंपणापलीकडे उत्तमराव ते करत होते. त्यांची बायको झुंबरबाई वाटी घेऊन उभी होती. बाशिंग्याचा खांदा झाला तरी वाटी निम्मी भरलेली.

"इतलं तूप काऊन कढवलं वं?" उत्तमराव म्हणाले.

"दोघाचं कढवलं. दरसाल दोघाचंच कढवतो ना. हात तसाच गेला."

"मंग यालेच दोनदा लावतो."

"नोका. दुसऱ्याच्या वाट्याचं लावू नोका त्याले. वरणात टाकतो मी."

पण ती हलली नाही. उत्तमरावही हलले नाहीत. दोघंही वाटीत बघत राहिले. तेवढ्यात समतामॅडम माझ्या ओट्याशी आल्या. त्यांना उद्याचं कळलं होतं. त्यांनी चिमण्यांचं रिकामं घरटं काढून बाजूला ठेवलं आणि उगीच माझ्या कवचावरचं फडकं झटकलं.

"मॅडम," उत्तमरावांनी कुंपणावरून हाक मारली. "हे इंजिन इमानाले कोन्या अंगानं होतं वो?"

"डाव्या, मामा."

"डाव्या." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "बाशिंग्या उजव्या अंगाचा. जलमभर उजवीकडंच वढलं त्यानं, डावीकडं जुपलं तं पायच उचलत नव्हता."

"मंग?" झुंबरबाई म्हणाली.

"मंग काई नाई. डाव्याचीच जागा खाली हाय म्हनलं." ते वाटी घेऊन तारेखालून अलीकडे आले. "मॅडम, याचा खांदा कुठी असते?"

मॅडमना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी वाटीकडे पाहिलं आणि त्या ओट्यावर चढल्या. माझ्या पाठीवर, पुढच्या बाजूला, जाड पोलादी कान आहेत. त्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "हा. इथून ते इमानाले लटकलेलं होतं. जितका जोर केला तो सगळा इथूनच इमानाले लागे."

"हाव. घासलेलं हाय." उत्तमरावांनी बोट फिरवून पाहिलं. "अन् हे काय लोंबते? येसन?"

"ती त्याची ओळख हाय, मामा. ज्याले सांगाची तो डबा काढून नेला."

"येसनच म्हना. धरणारा गेला की लोंबतेच."

मग त्यांनी माझ्या खांद्याला तूप-हळद लावली. मित्रांनो, माझ्या अंगाला खूप हात लागले आहेत. हातमोजे घातलेले, दिवे घेऊन तपासणारे, मापं घेणारे, आकडे लिहिणारे. ओझं कुठं लागलं ते विचारून तिथं हात फिरवणारा हा पहिलाच. फिरवून झाल्यावर ते वाकले आणि बैलाला म्हणतात तसंच मला म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मॅडमनी तोंड दुसरीकडे केलं. झुंबरबाई म्हणाली, "कानात सांगा, दोन्हीकून उघडं हाय ते. तिकून निघून जाईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी राजकुमारची गाडी आली तेव्हा उत्तमराव माझ्यापुढे ताट घेऊन उभे होते. ताटात पुरणपोळी. भाऊरावही आले.

"हे काय लावलं उत्तमराव? बाजूले व्हा."

"जेवून राह्यलं ते."

"इंजिन हाय ते. बैल नाई."

"म्या कुठी म्हनतो बैल हाय. आवतन देल्लं एवढंच म्हनतो."

"कोनं देल्लं?"

"म्या. तुमच्याच फाटकाच्या आत उभं राहून. पाहुन्याले ताटावरून उठवून कापाचं असन तं कापा बाप्पा, मी नोकर मानूस."

झुंबरबाई मागे होती. ती रस्त्यावरून जाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "भाऊसायेबाच्या लग्नात जेवलो होतो आमी. तवा अगुदर कटर दाखवलं होतं का, आठवत नाई मले."

रस्त्यावरून माणसं सजवलेले बैल घेऊन पोळा भरतो त्या तोरणाकडे जात होती. ती थांबली. भाऊरावांनी राजकुमारकडे पाहिलं. राजकुमार ओट्यावर चढला होता. कापायला त्याला खांद्याच्या कानापासूनच सुरुवात करायची होती. तिथे हळद होती. त्याने बोट लावलं, वास घेतला.

"सायेब, मी बी खेड्यातला हाय," तो म्हणाला. "हळद लागलेल्या खांद्यावर आज कटर नाई चालवत. उद्याचं उद्या पाहू."

तो जायला लागला. झुंबरबाईने त्याला पोळी खाल्ल्याशिवाय जाऊ दिलं नाही. इंजिनाच्या नावची होती, पण इंजिनाने ना म्हटलं नाही.

एकट्या बैलाला तोरणाखाली न्यायचं उत्तमरावांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी बाशिंग्याला झूल घालून आत आणलं आणि माझ्या उजव्या अंगाला बांधलं. एक माळ त्याला, एक मला. गावात कचरू म्हणून एक आहे, पोळ्याला चिमटेबाज झडत्या जुळवून म्हणण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. त्याने फाटकातूनच हाणली:

"आभायात हिंडला, मातीत बसला,
घासलेट सोडून पुरनाले फसला."

लोक 'हर बोला' म्हणून हसले. एका पत्रकाराने फोटो काढला. भाऊराव चटकन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, ती त्यांची जुनी सवय आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: भाऊरावांच्या कल्पनेतून यंत्राचा पोळा. भाऊरावांनी ते वाचलं, ही आपली कल्पना होती असं त्यांना आठवलं आणि त्यांनी राजकुमारला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. मान त्यांना, जीव मला. आमची काही तक्रार नाही.

अक्षरं मात्र उभी राहिली, माझ्या पुढ्यातच. लोक येतात, बदामाशेजारी उभे राहतात आणि माझ्याकडे पाठ करून हसतात. समतामॅडमना दुसरीकडे नोकरी लागली. जायच्या दिवशी त्यांनी माझ्या प्लगची कुजलेली दोरी काढून नवी बांधली, घट्ट. बाशिंग्या त्या पोळ्यापासून रोज दुपारी माझ्या उजवीकडे बांधलेला असे. त्याला माझ्या ओट्याला मान घासायची सवय लागली होती. आमचा सूर काही जुळला नाही. तो रवंथ करी, मी गप्प असे. पण वारा सुटला आणि माझी पाती खळखळली की तो कान हलवी. उन्हाळ्यात तो खाली बसला तो उठला नाही.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी उत्तमरावांच्या दारात बैल नव्हता. तरी दोघं वाटी घेऊन आले. उत्तमरावांनी माझ्या खांद्याला तूप लावलं, आवतण दिलं. वाटी निम्मी भरलेलीच होती.

"पुन्ना दोघाचं कढवलं?"

"हाव," झुंबरबाई म्हणाली.

तिने वाटी घेतली, मोटारसायकली जराशा सरकवल्या आणि माझ्या उजव्या अंगाला, जिथे कोणी नव्हतं तिथे, जमिनीवर ठेवली. वरून तेव्हाच एक विमान चाललं होतं, फार उंचावरून. त्याची दोन्ही इंजिनं एका सुरात होती. त्यांतलं उजवं माझ्या ओळखीचं असेल किंवा नसेल.

मित्रांनो, मला रंग द्या, माझी धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. तेवढं भाऊराव निवडणुकीच्या आधी करतातच. तुमच्या घरात, गोठ्यात, गल्लीत एखादा काम संपून एकटा बसलेला असेल. त्याने ओझं कुठल्या खांद्यावर घेतलं होतं, एवढं विचारा. तिथे हात ठेवा. आणि जेवायला बोलवा. तो येणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. तरी बोलवा.